'शोधा'वर सरकलेली चौकट

भुताखेतांच्या गोष्टी मी कधीच मानल्या नाहीत. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. आमच्या गावच्या, गंजाडच्या शाळेतल्या गुरुजींनी हाताला धरून डहाणूच्या कॉलेजचा फॉर्म भरून घेतला नसता तर... असो. त्यांचे उपकार मोठे आहेत, म्हणून खोटं लिहिणार नाही.

२०१६ सालची गोष्ट. डहाणूत एका कॉम्प्युटरच्या दुकानात नोकरी करत असताना मी तलासरीजवळच्या छोट्या खासगी दवाखान्यासाठी केसपेपरचं सॉफ्टवेअर बनवलं. स्क्रीनवर पाच बटणं — नवीन, जतन, शोधा, छापा, बंद. काउंटरवर सुलभाताई बसायच्या. बावीस वर्षांची नोकरी, पण पॅरालिसिसनंतर उजवा हात गेलेला. डाव्या हातात माऊस धरला की बाण भलतीकडेच पळायचा.

"दादा, तुझा हा उंदीर माझी नोकरी खाणार बघ," त्या हसत म्हणाल्या. पण हसण्यासारखं नव्हतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं — सोमवारपर्यंत जमलं नाही तर दुसरी मुलगी बसवणार.

मग मी सगळी बटणं कीबोर्डवरून चालतील अशी केली. टॅब दाबलं की एका बटणावरून पुढच्यावर. आपण जिथे आहोत त्या बटणाभोवती ठिपक्यांची बारीक चौकट दिसते; एंटर दाबलं की ते चालतं. शंभरदा तरी तपासलं. एकदाही चुकलं नाही.

सोमवारी सकाळी अकराची वेळ, ओपीडी भरलेली, डॉक्टर ताईंच्या मागे उभे. माऊस मी आधीच काढून ड्रॉवरमध्ये टाकला होता. सात-आठ पेशंट झरझर पुढे गेले. मग एक तरुण बाई आली. पायाला कोयता लागलेला, फडकं रक्ताने भिजलेलं. ताईंनी तिचं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचा पाडा भरला आणि टॅब दाबलं. चौकट 'जतन'वर आली... आणि कुणी काही न दाबता 'शोधा'वर गेली.

मी स्वतः ती मागे 'जतन'वर आणली. परत तेच.

"की अडकली असेल," म्हणत मी चौकट पुन्हा 'जतन'वर घेतली आणि कीबोर्डची वायरच उपसली. वायर माझ्या हातात होती. ताईंचे हात मांडीवर. आणि चौकट सावकाश 'शोधा'वर सरकली.

भर दिवसा, चाळीस माणसांत, अंगावर काटा आला माझ्या.

"ताई, जमत नाहीये का?" डॉक्टरांचा आवाज चढला.

"लाव रे ती वायर," ताई मला म्हणाल्या. मग त्या बाईकडे वळल्या, "बापाचं नाव काय गं तुझ्या?"

"लखमा. पण मी इथं कधी आले नाय, बाई."

ताईंनी बापाचं नाव, माहेरचा पाडा घालून शोधलं. जुना पेपर निघाला. ती चार वर्षांची असताना आजी घेऊन आली होती; इंजेक्शन दिल्यावर अंग सुजलं, श्वास अडकला, कशीबशी वाचली. सॉफ्टवेअर बसवताना जुन्या रजिस्टरमधली ती नोंद मीच कॉम्प्युटरवर उतरवली असणार, पण मला काही आठवत नव्हतं.

डॉक्टर वाचतच राहिले. "हेच इंजेक्शन देणार होतो मी." मग माझ्या पाठीवर थाप मारली, "नवीन पेपरच्या आधी जुना शोधायला लावतोस होय? शाब्बास! आणि ताई, तुम्ही इथून हलायचं नाही."

मी "हो सर" म्हणालो. बिघाड आहे म्हटलं असतं तर ताईंची खुर्ची गेली असती.

नंतर कोड ओळीओळीने वाचला. वायर काढून तासभर स्क्रीनसमोर बसलो. चौकट जागची हलली नाही. तेव्हाही नाही, पुढे कधीही नाही.

ताईंना एकदा विचारलं, "ती पोर तुम्हाला आठवली होती का?"

"छे रे. ते सारखं शोधा-शोधा करत होतं, म्हणून विचारलं. तूच केलं होतंस ना तसं?"

त्यांनाही मी हो म्हणालो.

ते मी केलं नव्हतं. कुणी केलं, मला आजही माहीत नाही.