उडदाच्या पिठाने चिकटवलेली फळी

परवा धुळ्याच्या घरात ओट्याखालच्या खणाची पुढची फळी सुटून माझ्या हातात आली. घरात मी एकटीच होते, तरी माझी नजर आधी दाराकडे गेली. गोंद लावून फळी दाबून धरली, तर शेजारून पापडाच्या पिठाचा आणि हिंगाचा वास आला.

मी दहा वर्षांची असताना पिंप्राळ्यातल्या घरी अशीच फळी हातात आली होती. काही मोडलं की नाना, म्हणजे माझे वडील, विचारायच्या आधी हात उचलायचे. त्या दिवशी घरात पापड चालले होते. कुटलेल्या उडदाचा गोळा इतका चिवट, की मी तोच चिमटीने घेऊन फळीला फासला आणि ती कशीबशी बसवली. तेवढ्यात नाना आत आले.

"अडकित्ता कोठे शे?"

अडकित्ता त्याच खणात होता.

आई लाटणं ठेवून लगबगीने उठली. "तुम्ही बठा, मी आनी देस," म्हणत ती नानांकडे पाठ करून खणासमोर उभी राहिली, फळीखालून बोटं सरकवली आणि खण अलगद ओढला. फळी हललीसुद्धा नाही. नाना अडकित्ता घेऊन बाहेर गेले.

आईने मला वाचवलं, एवढंच तेव्हा कळलं. परवा गोंद वाळायची वाट बघताना आठवलं, की फळी सुटल्याचं मी तिला सांगितलंच नव्हतं. फळीला हात न लावता तो खण कसा उघडायचा, हे तिच्या बोटांना आधीपासून ठाऊक होतं.