सुंदराबाईंचा नारळ

भुताला घाबरलेलं पोर गांगल चाळीत मी कधी पाहिलं नाही. सुंदराबाईंना घाबरलेली थोर माणसं मात्र चिक्कार पाहिली. आमची ही चाळ फणसवाडीत. मालक राहायचे दादरला, आणि ह्या त्यांच्या विधवा बहीण. जिन्याजवळच्या पहिल्याच खोलीत, दाराकडे तोंड करून बसलेल्या. खोली रिकामी झाली की कुणाला द्यायची ते ह्या ठरवणार. म्हणजे दहा जणांना हाकलायचं आणि अकराव्याला नाइलाजाने द्यायची.

अस्पृश्यता पाळली तर शिक्षा, असा कायदा नुकताच झाला होता. बाई कायद्याला भिऊन असत. जात म्हणून विचारायच्या नाहीत. समोर तिवईवर शेंडीचा नारळ ठेवलेला असे. आलेल्या माणसाला बसासुद्धा न म्हणता नारळाकडे बोट करायच्या. "ह्याचं काय करता तुम्ही?"

'फोडतो' म्हणणाऱ्याला जिना. 'सोलतो' म्हणणाऱ्याला, "मग वखारीत राहा." 'वाढवतो' म्हणणाऱ्यालाच तेवढा पाट मिळे. मग पुढची उलटतपासणी: दिवा मालवता की विझवता? बांगडी वाढते की फुटते? बाई म्हणत, "मेला माणूस आडनाव बदलील, शेंडी ठेवील. पण कशाला काय म्हणायचं ते बाळकडूतच मिळावं लागतं."

आणि हीच बाई संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेत पहिल्या रांगेत! झाडून सारे मराठी बोलणारे एक झालेच पाहिजेत म्हणून घसा बसेपर्यंत ओरडायची. आता एक व्हायचं ते राज्यात, चाळीत कशाला?

सत्तावन्न साली मागच्या अंगाची खोली रिकामी झाली. ती मागायला परळहून एक जोडपं आलं. राजाराम सरकारी कचेरीत कारकून, त्याची बायको सुनेत्रा म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवणारी. तिला दिवस भरत आलेले, आणि परळच्या खोलीत आधीच पाय पसरायला जागा नाही. ही खोली हातची गेली तर बाळाला निजवायचं कुठं, हा प्रश्न होता.

खाली नळावर चाळीचा पाणक्या धोंडू भेटला. कोपऱ्यावरच्या इराण्याचा चहा पोटात गेल्यावर त्याने कानमंत्र दिला. "बायेन नारळ दाखवल्यान, की 'वाढवतो' म्हणायचा. 'फोडतो' म्हटलंस काय मेलंस!"

जिना चढताना राजाराम बायकोला विनवत होता. "एक शब्द आहे गं. बोलून टाकू."

"गेल्या साली दीक्षा घेतली ती असलं काही बोलायला?"

"बाळाकडे बघ."

त्यावर ती कठड्याला धरून पुढच्या पायऱ्या चढू लागली. बिचाऱ्याला वाटलं, पटलं.

वर नारळाकडे बोट गेलं. राजाराम म्हणाला, "वाढवतो." इतक्या घाईने, की प्रश्न अजून बाईंच्या तोंडातच होता.

"बसा," बाई म्हणाल्या. "आणि तू गं? मुकी आहेस?"

"मुकी नाही. हे खोटं बोलतायत," सुनेत्रा म्हणाली. "आम्ही बौद्ध. नारळ फोडतो नि खातो. 'वाढवतो' म्हणायचं ते तुमच्या धोंडूने चहावर शिकवलं. सगळ्यांनाच शिकवतो म्हणे."

गॅलरीत आम्ही कान लावून उभे होतो. पहिले दोन शब्द ऐकून मजा वाटली. शेवटचे ऐकल्यावर अर्धी गॅलरी आपापल्या घरात पसार झाली.

बाईंनी त्या दोघांना जिना दाखवला आणि नारळ उचलून दारोदार निघाल्या. विमा विकणारे तुळशीदास छातीवर हात ठेवून म्हणाले, "वाढवतो! परवाच वाढवला."

"धोंडूला चहा पाजला होतास?"

तुळशीदास स्वतःच्या चपलांकडे बघायला लागले. पलीकडे पेन्शनर नाना.

"चहा? छे, छे! मुळीच नाही."

"देवाची कृपा."

"कॉफी पाजली."

आमच्या घरी काय उत्तर मिळालं ते विचारू नका. धोंडूला बाईंनी त्याच दिवशी काढलं आणि दुसऱ्या दिवशी परत घेतलं, कारण पाणी काही आपल्या पायाने जिना चढत नाही. पण बाईंची झोप उडाली. नव्या माणसाने 'वाढवतो' म्हटलं की म्हणायच्या, "धोंडूचा शिष्य! चालता हो." खोली तशीच कुलपात.

शेवटी धोंडूकरवीच परळला निरोप गेला. दोघं आली. बाईंनी किल्ली तिवईवर आपटली.

"खोली घे."

राजारामने हात जोडले.

"तुम्ही जोडू नका. तुमच्या शब्दावर माझा काडीचा विश्वास नाही. खोली हिच्या नावावर. ह्या चाळीत कोण कोण शिरून बसलंय ते देव जाणे. हिचं एकटीचं मला पक्कं ठाऊक आहे."

"नळाला हात लावणार मी," सुनेत्रा म्हणाली. "चालेल?"

"नाही चालणार. रोज भांडेन."

"भांडा. मुकी नाही हे सांगितलंय मागेच." तिने किल्ली घेतली आणि दुसऱ्या हाताने नारळ. "हाही नेते. इथं आता ह्याचं काही काम नाही."

त्या तिवईवर नारळ पुन्हा कधी दिसला नाही. भांडण मात्र ठरल्याप्रमाणे रोज झालं, नळावर, वाळवणावर, पोराच्या रडण्यावर. तडजोड म्हणून दोघींनी कधी केली नाही.

सुरुवात त्याच संध्याकाळी झाली. मागच्या खोलीतून चटणीचा वास सुटला तशा सुंदराबाई नाकाला पदर लावून गॅलरीत आल्या. "ओल्या नारळात लसूण घालतात का गं कुणी, मेले?"

आतून उत्तर आलं, "नुसता घालत नाहीत, बाई. ठेचतात!"