सायकल शर्यतीतली कबुली

ती चार दिवसांची सायकल शर्यत आठवली, की आजही माझे पाय दुखायला लागतात. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. पुण्यातल्या सायकल दुकानदारांनी शर्यत भरवली होती. पुण्याहून भोर, तिथून हिर्डोशीपर्यंत जाऊन परत, मग विंझरवरून वेल्हे आणि शेवटी पुन्हा पुणे. प्रत्येक दुकानाचे पगारी सायकलपटू आणि सोबत त्यांचा मिस्त्री. मी तेव्हा फौजदार, बंदोबस्त माझ्याकडे होता. हाताखाली सहा शिपाई आणि पुढे डोंगरातला एवढा लांब रस्ता! गुरं आवरा, गुरं आवरा, असं ओरडून दुसऱ्याच दिवशी घसा बसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी विंझरच्या पुढे एका वस्तीपाशी, उताराच्या वळणावर, सगळ्यांत पुढचा गडी पडला. कामथडीकडचा शेतकऱ्याचा मुलगा. मांडीचं हाड मोडलं. "चाकच निसटलं साहेब, रस्ता निसरडा हुता," एवढंच तो कसंबसं बोलला. मी पोहोचलो तेव्हा ऊन चढलं होतं, आणि बघ्यांनी, बैलगाड्यांनी रस्ता पार तुडवून टाकला होता. बंदोबस्तापायी जागेचा पंचनामाही राहून गेला.

संध्याकाळी एका चहावाल्याने खबर आणली. दुसऱ्या दुकानाचा मिस्त्री आदल्या दिवशी त्याच वळणावर तेलाची बुधली घेऊन फिरत होता. पुढचा गडी पडल्यावर नेमका त्याच दुकानाचा गडी पहिला आला होता. मग काय हवं? मिस्त्रीला ठाण्यात आणलं. चाळिशीचा, किडकिडीत, नखं काळी झालेला माणूस.

"वळणावर कशाला गेला होतास?"

"वळान बघाया, साहेब. आमच्या गड्याला बिरेक कुठं दाबायचा ते सांगाया."

"आणि बुधली?"

"मिस्त्रीच्या हातात बुधली नसंल तर काय टाळ असत्याल?"

त्या उत्तराने माझं डोकं फिरलं. खरं आठवेपर्यंत उभा राहा, असं सांगितलं. भिंतीला टेकायचं नाही, खाली बसायचं नाही. शिपायांना वस्तीवर पाठवलं. वळणावर तेल कोणी ओतलं, असं त्यांनी घरोघर विचारलं. सगळ्यांनी गळ्याची शपथ घेऊन नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्रीचे पाय सुजून घागरी झाले होते. तो हळूच म्हणाला, "व्हय. म्याच ओतलं." जबाब लिहिला, अंगठा घेतला. दुकानदाराने निरोप धाडून त्याला कामावरून काढून टाकलं. आता तुरुंग तेवढा बाकी होता.

पंचनाम्यासाठी कबुलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकलवरून त्या वस्तीकडे निघालो. येणार असल्याचं पाटलांना कळवलं होतं. वळणावर ब्रेक दाबला मात्र, पुढचं चाक सर्रकन गेलं आणि मी वर्दीसकट रस्त्यावर आडवा! हाताला लागलं ते तेल नव्हतं. शेणाचा ताजा सडा होता. कडेला रांगोळीही काढलेली.

"अगं बया! सायेब पडलं!" घागर तिथेच ठेवून एक म्हातारी धावत आली.

"आजी, रस्त्यावर सडा कशाला घातला?"

"तुमी येनार म्हून पाटील बोललं न्हवं? वस्तीवर कोन मोठं मानूस येतंय? त्या सायकलवाल्यांसाटी बी घातला हुता. लांबनं आल्यालं पाव्हनं, धुरळा नाकातोंडात जाईल म्हून चांगला दहा घागरींचा घातला."

मी कपाळावर हात मारून घेतला. "मग शिपायांना का नाही सांगितलं?"

"त्यांनी त्याल कुनी वतलं ते इचारलं. त्याल कोन वतंल, सायेब? हितं भाजीला मिळंना." मग तिचा चेहरा एकदम पडला. "आमच्यामुळं पडलं व्हय ते लेकरू?"

"नाही आजी. वेगात होता, म्हणून पडला." नोकरीत मी पुष्कळ खोटं ऐकलं, बोललो त्यातलं हे एक. पंचनाम्यात रस्ता ओला होता एवढंच लिहिलं आणि तडक ठाण्यात परतलो.

मिस्त्री कोपऱ्यात बसला होता. मला पाहून उठायला लागला. मी म्हटलं, बस. जबाबाचा कागद त्याच्यासमोर फाडला. याला कामावर परत घ्या, अशी दुकानदाराला चिठ्ठी लिहून दिली. दुकानदाराने ती वाचून परत केली आणि दुसरा मिस्त्री ठेवला, हे मला मागाहून कळलं.

"केलं नव्हतंस, तर हो का म्हणालास?"

"बसाया मिळंल म्हून, साहेब."

नंतरच्या नोकरीत मी पुष्कळ कबुल्या घेतल्या. प्रत्येक वेळी आधी माणसाला बसायला सांगितलं. पण लोकांना मी जे कधी सांगितलं नाही, ते आता लिहून टाकतो. चार दिवसांच्या बंदोबस्ताने मी मोडून गेलो होतो, मला घरी जायचं होतं. तो माणूस 'व्हय' म्हणाला, तेव्हा त्याच्याआधी मीच खुर्चीत बसलो होतो.