शकिलाचा लाल दोरा

शकिलाला खोटं बोलता येत नसे, त्यामुळे तिच्याबरोबर काम करणं हा एक छळच होता. हे मी प्रेमाने सांगतोय. भिवंडीच्या आमच्या शाळेत ती कम्प्युटर शिकवायची आणि मी मराठी. पर्समध्ये डबा नसला तरी चालेल, पण स्क्रू ड्रायव्हर हवाच, अशी बाई. दोन हजार पाच साली एकदा मधल्या सुट्टीत तिने विचारलं, "सर, 'फाइल'ला मराठीत काय म्हणायचं?"

"फाइलच म्हण. पोरांना तेच कळतं."

ती हसली, आणि मी पुढची दोन वर्षं अडकलो.

ती एक सीडी बनवत होती. जगभरातल्या लोकांनी मिळून कम्प्युटर चालवणारी एक मोफत प्रणाली लिहिली होती. ती कोणीही घ्यावी, आत डोकवावं, हवी तशी बदलावी, पुढे द्यावी. आसपासच्या गावांसाठी शकिला ती मराठीत आणत होती. शब्द माझे, बाकी सगळे कष्ट तिचे. पाकिटावरच्या एका ओळीसाठी आम्ही तीन दिवस भांडलो. शेवटी छापलं: 'या सीडीतली प्रत्येक गोष्ट उघडा, बघा, बदला, वाटा.'

"'प्रत्येक गोष्ट' कशाला? 'सगळं' लिही, सुटसुटीत आहे," मी म्हटलं.

"नाही सर. प्रत्येक म्हणजे प्रत्येक."

पहिल्या शंभर सीडी वळ गावात वाटायच्या होत्या. तिथल्या वाचनालयाला एका गोदामवाल्याने जुने पाच कम्प्युटर दिले होते. इंटरनेटचं कनेक्शन मात्र रस्त्यापलीकडे, ग्रामपंचायतीत. मधे ओढलेली वायर कंटेनरांनी दोनदा तोडली, तेव्हा कंटाळून बिनतारी कार्डं बसवली. स्वस्त मिळाली म्हणून गावातल्या कितीतरी घरांतही तीच कार्डं आली. आणि शकिलाच्या सीडीवर ती कार्डं हूं की चूं करीनात.

त्या कार्डाला जाग यायला कंपनीची एक छोटी फाइल लागायची. फर्मवेअर म्हणतात तिला. कार्डाने काय आणि कसं करायचं, ते तिच्यात लिहिलेलं असतं. कंपनीचा परवाना असा, की फाइल वापरा, हवी तर पुढे द्या, पण आत बघायचं नाही आणि बदलायचं नाही. मूळ प्रणाली लिहिणाऱ्यांतही यावरून जुंपली होती. एक बाजू म्हणे, कार्डच चाललं नाही तर लोक आपल्याकडे येतील कशाला? दुसरी म्हणे, एक बंद फाइल आत घेतली की आपला शब्द गेला. शकिला त्यांची लांबलचक पत्रं वाचायची आणि स्टाफरूममध्ये मला ऐकवायची.

"मग तू काय ठरवलंस?"

"नाही घालणार. दुसऱ्या कंपनीची कार्डं मागवलीत, त्यांना अशी फाइल लागत नाही. दोन महिन्यांत येतील."

"वाचनालयातल्या कम्प्युटरचं उद्घाटन पंधरा दिवसांवर आलंय!"

"होऊ दे नेटशिवाय."

माझं डोकं सणकलं. "अगं, गावच्या लोकांना यातलं काय कळणार आहे? त्यांना नेट हवंय, तुझं तत्त्वज्ञान नकोय!"

ती वह्या उचलून तासाला निघून गेली. मला त्या वेळी तो माझा विजय वाटला.

मूळ सीडी कॉपी करायला न्यायचं काम माझ्याकडे होतं. दुकान प्रितमचं, माझाच जुना विद्यार्थी. त्याला म्हटलं, ती कार्डाची फाइलही आत टाकून दे.

"मॅडमना विचारलंत का सर?"

"तू मला शिकवू नकोस," मी म्हटलं. त्याने अर्धा दिवस घालवून फाइल बसवली.

उद्घाटनाला पाचही कम्प्युटरवर नेट लागलं. टाळ्या पडल्या, पेढे वाटले, सरपंचांच्या हस्ते शंभर सीडी शंभर घरांत गेल्या. शकिला तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ती एका कम्प्युटरसमोर बसली, दोन ओळी टाइप केल्या, आत कोणत्या फाइली आहेत ते वाचलं आणि वळून माझ्याकडे पाहिलं. कॉपी करणारी पोरं मी आयुष्यभर पकडली. पकडलं जाणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

परतताना रिक्षा अंजूरफाट्याला आली. ती म्हणाली, "सर, घरी चला."

तिचे वडील अब्दुर्रहमान तीस वर्षं लूमच्या कारखान्यांत कापड तपासायचे. खाटेवर बसून कांदा चिरत होते. शकिलाने झालेलं सगळं सांगितलं आणि म्हणाली, "अब्बा, सरांना दोऱ्याचं सांगा."

"त्यात काय सांगायचं?" म्हातारा म्हणाला. "कापडाचा ताका टेबलावर उलगडत जायचा. कुठं सुताची तार तुटलेली दिसली, की तिथं किनारीला लाल दोरा बांधायचा. घेणाऱ्याला दोरा दिसतो. घ्यायचा तर घेतो, न्हाय तर न्हाय. एक शेठ बोलला, दोरे जरा कमी बांधत जा चाचा. मी दुसऱ्या दिवशी दुसरीकडं ड्युटी धरली."

"पण चाचा, फॉल्टचा माल तर सगळेच विकतात."

"विकतात ना. मीच पास केलाय. पण देखो मास्तर, दोरा न्हाय बांधला, तर तो फॉल्ट लूमचा न्हाय ऱ्हात. माझा होतो."

मला खूप लाज वाटली. मी शकिलाला म्हटलं, सगळ्या सीडी परत आणतो.

"नको," ती म्हणाली. "लागलेलं नेट आता माझ्याने बंद करवणार नाही. पण पाकिटावर माझा शब्द आहे आणि तो खोटा आहे. शंभर घरं आहेत सर. दोरा तुम्ही बांधायचा."

शाळा सुटली की आम्ही वळ गावी जायचो. प्रत्येक घरात पाकिटावरच्या ओळीखाली ती स्वतःच्या अक्षरात लिहायची: 'एक फाइल सोडून. ती उघडायची परवानगी नाही.' मी सीडीच्या भोकातून लाल दोरा ओवून गाठ मारायचो. सीडी वापरायची तर आधी ती गाठ सोडावी लागणार, एवढा तरी त्रास ज्याने त्याने घ्यावा, असं तिचं म्हणणं. एक-दोनदा चाचाही आले आणि माझ्या गाठी बघून म्हणाले, "मास्तर, तुम्हाला कारखान्यात कोणी ठेवला नसता."

लोक बहुतेक एकच बोलायचे, "चालतंय ना? मग ऱ्हाऊ द्या." असं कोणी बोललं की मी शकिलाकडे बघायचो. बघ, मी सांगत नव्हतो? ती पुढच्या घराची वाट धरायची.

सगळ्यात शेवटचं घर सीताबाईंचं. सत्तरीच्या बाई. नातवासाठी आलेली सीडी त्यांनी टीव्हीवर ठेवली होती. मी दोरा ओवायला लागलो तशा त्या पुढे सरकल्या. "यो दोरा कशाला?"

शकिलाने सांगितलं. घाई न करता, मला आजवर सांगितलं होतं तसंच सगळं, आणि ती फाइल मी गुपचूप घातली तेही.

मी मधेच म्हटलं, "आजी, ऱ्हाऊ द्या, हे जरा किचकट आहे."

सीताबाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. खिडकीबाहेर पत्र्याचं लांबलचक गोदाम होतं, तिकडे बोट केलं. "तो बग बाय. खालची जमीन आमची. भाताचा शेत व्हता. आता आत काय ठेवलंय इचारला, तं वॉचमन बोलतो, आजी, परमिशन न्हाय. माझ्याच जमिनीवर मना परमिशन न्हाय!"

"तसंच आहे हे, आजी," शकिला म्हणाली. दोन वर्षांत एवढ्या पटकन तिचं म्हणणं कोणाला कळलं नव्हतं, मलाही नाही.

"पन त्याच्या दाराला कुलूप तरी हाय," सीताबाई म्हणाल्या. "कुलूप दिसतंय म्हनून इचारता तरी येतंय." मग पहिल्यांदाच त्या माझ्याकडे वळल्या. "तुमी तं कुलूपच लपवलाव, मास्तर. तुमाला वाटला, आमाला कलनार न्हाय?"

मी दोरा ओवून गाठ मारली. मग म्हटलं, "हो आजी. मला तसंच वाटलं होतं."