मी ओवाळलेली फौज

हसायचं तर हसा, पण आधी हातातला कप खाली ठेवा. या वयात मी मराठ्यांशी फितुरी केली, आणि तीसुद्धा पानिपतावर.

माझी नात सायली. गाझियाबादला आम्ही दोघी राहतो. ती कंपनीत जाते आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर टेबलावर जुन्या लढाया लढते. करंगळीच्या नखाएवढे शिपाई रंगवायचे, मांडायचे आणि फासे टाकून लढवायचे. यंदा पानिपत होतं. सायली मराठ्यांची सेनापती, समोर तिच्या ऑफिसातला अरोरा. "आजी, एकदा तरी मला पानिपत जिंकायचंय," एवढंच महिनाभर तिच्या तोंडी.

अरोराला रंगवता येत नाही, म्हणून दोन्ही फौजा हिनंच अंगावर घेतल्या. मग मदतीला मी. शाळा मी पाहिली नाही, पण गौरीच्या मुखवट्यांचे डोळे चाळीस वर्षं मीच रेखलेत. मोतीबिंदू काढल्यापासून तर मुंगीच्या मिशा मोजते. सायलीनं एक ट्रे माझ्यापुढे ठेवला, एक स्वतःपुढे. आता नात आजीला आपलीच माणसं देणार ना? विचारायचं काय त्यात?

माझ्या शिपायांना लांब कोट आणि उंच लोकरी टोप्या. म्हटलं, बरोबर आहे. लढाई ऐन संक्रांतीची. इथं मी दोन स्वेटर घालून पोळ्या लाटते, तर ती घाटावरची पोरं कुडकुडली नसतील? काहीजण उंटावर होते. राजस्थानातून येताना घेतले असतील. सायलीच्या ट्रेमधले बिचारे गुडघ्यापर्यंत उघडे. अब्दालीनं यांना धड कपडेही दिले नाहीत, म्हणून मला शत्रूची दया आली बघा.

मग मी जीव ओतला. कोटांना पैठणीचे काठ काढले. टोपीखाली, कोणाला दिसणार नाही असं, एकेकाला गंध लावलं. रविवारी सायली आंघोळीला गेली तशी ट्रे पाटावर ठेवून निरांजनानं ओवाळलं. विजयी होऊन या रे बाळांनो, असा तोंडभर आशीर्वाद दिला.

खेळ होता त्या हॉलवर आधी सगळ्यांत सुबक फौजेचं बक्षीस होतं. मिळालं कुणाला? मला. पदर सावरत पुढे गेले, माईक हातात घेतला आणि ठणकावून सांगितलं, "ये मेरे मराठे हैं. सुबह आरती उतारके लाई हूँ."

सायली धावत आली नि कानाशी कुजबुजली, "आजी, ही अब्दालीची फौज आहे."

"मग ते उघडे?"

"ते आपले."

माईक चालूच होता. ज्यांना मराठी येत नव्हतं त्यांनाही कळलं असावं, कारण सगळा हॉल हसत सुटला.

खेळ सुरू झाला. माझा आशीर्वाद फळतोय की काय, म्हणून मी देवाचं नाव घेत बसले. सुरुवातीला उंटांनी सायलीची दाणादाण उडवली. मग पोरीनं अशी काही घोडदळाची मुसंडी मारली की अरोरा खुर्चीतून उठलाच. पण हरलेले शिपाई उचलून खोक्यात टाकायचे, असा नियम. एकेक पैठणीकाठ खोक्यात पडायला लागला, आणि मला काय होतंय तेच कळेना.

शेवटचा डाव आला. पाच किंवा सहा पडले की पानिपत आपलं. सायलीनं फासा मुठीत धरून माझ्याकडे पाहिलं. "आजी, बोल ना काहीतरी."

आणि माझ्या तोंडून गेलं, "तो लाल कोटवाला तेवढा ठेव गं. त्याच्या मिशीला दोन दिवस लागलेत."

तिनं फासा टाकला. सहा.

मराठे पानिपत जिंकले. माझ्या नातीनं जिंकलं. सगळे तिला खांद्यावर घ्यायला धावले आणि मी डोळ्यांना पदर लावून खोक्याशेजारी बसलेली.

अरोरा पाण्याचा ग्लास घेऊन आला. म्हणाला, "दादीजी, हारा तो मैं हूँ. आप क्यों रो रही हैं?"