आप्पांच्या प्रेशरची फेरतपासणी

आमच्या घरात बिनचूक माणूस मी एकटाच आहे. उद्यमबागेतल्या कारखान्यात मी सुट्या भागांची मापं तपासतो. त्यामुळे मुलीनं आजोबांसाठी मनगटावर बांधायचं बीपीचं यंत्र पाठवलं, तेव्हा ते चालवायचा मान अर्थातच माझा!

आप्पा, म्हणजे माझे वडील, घरातल्याच यंत्रमागापाशी उभे होते. तिथंच यंत्र बांधलं. एकशे अठ्ठ्याऐंशी! पुन्हा बघितलं, एकशे शहाण्णव! मी तत्काळ त्यांचं मीठ, लोणचं आणि ठेचा बंद केला.

"मला काय बी झाल्यालं न्हाय रं!" आप्पा ओरडले. (आमच्या विणकरांच्या वडगावात माग चालू असताना प्रेमानं बोलायचं तरी ओरडावंच लागतं.)

"यंत्र खोटं बोलत नाही, आप्पा!"

"मग त्येलाच घाल आळणी आमटी!"

आप्पांनी ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी अर्धीच भाकरी खाल्ली. मागापाशीच पुन्हा मोजलं, आकडा दोनशेवर! तिसऱ्या दिवशी बायको भडकली. "अहो, उपाशी मारताय का त्यास्नी? जगाची मापं तपासता, तेवढं यंत्र तपासा की!"

हे मात्र वर्मी लागलं. मी गल्लीतल्या डॉक्टरांना त्यांच्या पाऱ्याच्या यंत्रासकट घरी आणलं. त्यांनी आप्पांच्या दंडाला पट्टा बांधला, कानाला नळी लावली आणि ते किंचाळले, "आधी त्यो माग बंद करा! नाडी कुठली, खडखडच ऐकू येतीय!"

माग थांबला. आप्पा खुर्चीत बसले. एकशे अठ्ठावीस! लगेच मनगटाचं यंत्र लावलं. एकशे तीस!

"सुधारलं की यंत्र!" मी म्हणालो.

डॉक्टरांनी माग पुन्हा सुरू करायला लावला. आप्पा सवयीनं उठले आणि त्यांचा हात थेट मागाच्या चौकटीवर गेला. (सूत तुटलं की त्यांना ते हातालाच कळतं.) हात थरथरतोय, यंत्र थरथरतंय, आकडा एकशे नव्वद!

"अहो, तुम्ही आप्पांचं न्हाय, मागाचं प्रेशर मोजत होता!" डॉक्टर माझ्यावर ओरडले.

"सूनबाई, ठेचा आण!" आप्पांची आरोळी मागाच्याही वर गेली. शेजारची विणकर मंडळी धावत आली. आप्पा जिंकले होते! मीही छाती फुगवून सांगत होतो, की तपासणी शेवटी मीच घडवून आणली.

"आता तुमचं बघू," डॉक्टर म्हणाले.

माग बंद, हात छातीच्या उंचीला टेकवलेला, सगळं नियमानुसार. पाऱ्याचं यंत्र, एकशे चौसष्ट. मनगटाचं यंत्र, एकशे चौसष्ट. थोड्या वेळानं पुन्हा घेतलं, तेच!

"यंत्र खोटं बोलत न्हाय रं!" आप्पा ठेच्याचं बोट चाटत म्हणाले.

आळणी आमटी सध्या मी खातो. पण दोन यंत्रांत एका आकड्याचाही फरक नाही, हे सिद्ध करणारा हात शेवटी माझाच!