काकूंच्या मापाचा कमोड

आमच्या वरच्या काकांइतके कमोड अख्ख्या भाईंदर पूर्वेत कुणी पाहिले नसतील, आणि त्यांच्याइतका कमोडचा तिटकाराही कुणाला नसेल. वरचे काका म्हणजे बरोबर आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणारे. त्यांच्या मोरीत बादली सरकली की आमच्या छताला कळते. इमारतीतल्या सगळ्यांनी एकेक करून संडास बदलून घेतले, तरी काकांचा देशी संडास आपला होता तिथेच होता. "खुर्चीत बसून माणूस पेपर वाचेल, नाहीतर झोपेल. तिसरं काही होणं शक्य नाही," हे त्यांचे ठाम मत. मुलगी कल्याणला राहते, पण तिच्याकडे कमोड आहे म्हणून काकांनी तिथे आजवर मुक्काम केलेला नाही. सकाळचे आटोपून निघायचे आणि पुढच्या सकाळच्या आत परतायचे. गावाहून माझी आई आली की तीही पहाटे जिना चढून वर जायची. काका दार उघडून मोठ्या अभिमानाने म्हणायचे, "या, या. तुमच्यासाठीच तर ठेवलाय."

मग काकूंच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. उकिडवे बसायचे नाही, आता कधीच नाही, असे डॉक्टरांनी बजावले. काकू हॉस्पिटलमधून परस्पर मुलीकडे गेल्या आणि गाडीत बसताना म्हणाल्या, "बसायची सोय झाली की कळवा, मी येते." काका घरी एकटे राहिले. सवयीने दोन कप चहा करायचे आणि मग दुसरा कप घेऊन खाली आमच्याकडे यायचे. त्यात मुलगी रोज फोनवर म्हणे, "बाबा, आईला आता इथेच राहू दे ना." घरात संडास एकच, तेव्हा मामला सरळ होता. कमोड आला तर काकू येणार, नाहीतर हळूहळू कल्याणच्याच होऊन जाणार.

दुसऱ्या कुणी तासाभरात दुकानातून कमोड उचलून आणला असता. पण काका कुठलीही वस्तू वापरून पाहिल्याशिवाय घेत नाहीत. चप्पल घ्यायची तर ती घालून नाक्यापर्यंत फेरी मारून येतात आणि दुकानातला माणूस काळजीने मागेमागे चालत असतो. उशी घेताना ते दुकानातच डोळे मिटून आडवे झाले होते आणि चक्क घोरायला लागले होते. कमोडसाठी तर त्यांनी खास नाडी केली होती. काकूंच्या परकराची जुनी नाडी, आणि कल्याणला काकू दुपारच्या गाढ झोपेत असताना टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या वळणापर्यंत त्यांचे माप घेऊन तिला मारलेली गाठ. काकू चांगल्या उंच आणि काका जेमतेम त्यांच्या खांद्याला लागणारे, त्यामुळे स्वतःच्या मापाचा काही उपयोग नव्हता. स्टेशनजवळच्या एका टाइल्सच्या दुकानात त्यांनी ओळीने मांडलेले सगळे कमोड या नाडीने मोजले आणि मग एकेकावर बसायला सुरुवात केली. दुकानदार कासावीस होऊन म्हणाला, "अंकल, फोटो निकाल लो ना, घर पे आंटी को दिखाओ." काका बसल्या जागेवरून म्हणाले, "फोटोपे बैठेगा कौन?"

दुकानातल्या कोरड्या कमोडवरून काही कळत नाही, असे म्हणून मग ते इमारतीत हिंडू लागले. कुणाकडेही जायचे, इकडचे तिकडचे बोलायचे आणि चहा येण्याआधी हळूच विचारायचे, "जरा जाऊन येऊ का?" आतून टाकीवर टकटक, मग पाण्याचा लोंढा, मग पुन्हा लोंढा, आणि दाराआडून प्रश्न, "अहो, याचं झाकण आपोआप पडतं की धरावं लागतं?" आठवड्याभरात सगळीकडे झाले, की काकू गेल्यापासून काकांचे पोट बिघडले आहे. पहिल्या मजल्यावरच्या गुजराती बेननी डाळिंबाच्या वाळवलेल्या साली पाठवल्या, तळमजल्यावरून इसबगोल आला. काकांनी दोन्ही ठेवून घेतले. "एक बांधणारं, एक सोडणारं," मला म्हणाले, "आपसात बघून घेतील."

प्लंबरने मधला मार्ग काढला होता. "काका, अँग्लो-इंडियन लगा लो. आप ऊपर पाँव रखके बैठो, आंटी नीचे पाँव रखके." मीही म्हटले, "काका, तुमचा प्रश्नच मिटला!" काका दुकानात गेले, पाय ठेवायच्या त्या खरबरीत कडांवरून हात फिरवला आणि नाडी लावली. कमोड गाठीच्या बराच खाली राहिला. "टोचेल तिला. आणि बुटका आहे, उठताना गुडघ्यावर जोर येईल. कॅन्सल," एवढे बोलून त्यांनी गाठीला नेमका टेकणारा, उंच, गुळगुळीत कमोड घेऊन टाकला. तो बसवायच्या दिवशी आमच्या छताचे पोपडे आमच्याच बादलीत पडत होते. तक्रार करायला वर गेलो, तर आत जुना संडास फुटत होता आणि काका तिकडे पाठ करून गॅलरीत उभे होते. डोळे पुसत म्हणाले, "धूळ रे, धूळ." मला हसू यायला हवे होते, पण आले नाही.

काकू आल्या. काठी टेकत आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "मुलीकडचा ठेंगणाच होता बाई. हा कसा माझ्यासाठीच केल्यासारखा वाटतोय." काका नाडी खिशात कोंबत म्हणाले, "दुकानात हाच एक होता."

त्यानंतर एक चमत्कार झाला. जन्मात कधी व्यायाम न केलेले काका रोज पहाटे फिरायला जाऊ लागले. "कमोडची सवय झाली हो यांना, आणि वर फिरणंही सुरू केलंय," काकू सगळ्यांना कौतुकाने सांगायच्या. त्या फिरण्याची तऱ्हा जरा वेगळी होती. जाताना काका झपझप जायचे, हाक मारली तरी थांबायचे नाहीत. येताना मात्र रमतगमत, रस्त्यातल्या प्रत्येकाची विचारपूस करत. एकदा मी दूध आणायला बाहेर पडलो होतो, तेव्हा मार्केटमागच्या सार्वजनिक शौचालयातून काका प्रसन्न चेहऱ्याने बाहेर पडताना दिसले. मी पटकन केळीवाल्याच्या गाडीआड झालो. आधी पोट धरून हसलो, मग काका लांब जाईपर्यंत तिथेच थांबलो. ही गोष्ट मी घरीसुद्धा सांगितली नाही.

गेल्या महिन्यात ऑफिसच्या कामाने नागपूरला निघालो, तर जिन्यात काकूंनी थांबवले. आजूबाजूला पाहून हळू आवाजात म्हणाल्या, "हॉटेलात त्या छोट्या साबणाच्या वड्या देतात ना, वापरल्या नाहीस तर आण हं. मोठी वडी यांच्या पँटच्या खिशात मावत नाही."

"फिरायला जाताना साबण कशाला, काकू?" मी उगाचच विचारले.

काकूंनी माझ्याकडे पाहिले. "मी रात्री खिशात ठेवते. ते विचारत नाहीत, मी सांगत नाही. तूही बोलू नकोस."

मी वड्या आणल्या. आता पहाटे डोक्यावर दार वाजते, जिन्यात झपझप पावले उतरतात, आणि थोड्या वेळाने वर काकूंच्या कमोडच्या टाकीचे पाणी सुटते. तो आवाज ऐकला की मला बरे वाटते आणि मी पुन्हा झोपतो.